आईच्या वाटणीची शेवंती

हॉटेलवालीने कुंडी आत घेऊ दिली नाही, तिथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. तशी ती बाई वावगं काही बोलली नव्हती. आमच्याकडे शेवंती म्हणजे कबरीवरचं फूल. जित्या माणसांच्या उंबऱ्याच्या आत ते कुणी घेत नाही. माझ्या दुकानात एखादा परदेशी पाहुणा यायचा, कुणाकडे जेवायला जाताना घरच्या बाईसाठी शेवंतीच द्या म्हणायचा, तेव्हा मी स्वतः त्याचा हात धरून त्याला गुलाबांकडे वळवलेलं आहे. हॉटेलवाली म्हणाली, मादाम, तुमचं दुःख मला समजतं, पण माझ्याकडे लोक सुट्टीला येतात. आणि तिने अंगणात सायकलींच्या शेजारची जागा दाखवली. मी कुंडी तिथे ठेवली. माझा नवरा रेजिस म्हणाला, बरंच झालं, खोलीत अडचण झाली असती.

अडचण! ती कुंडी म्हणजे काय होतं हे ज्याला सगळ्यात चांगलं ठाऊक, तो हे बोलत होता.

नेव्हेरमध्ये बत्तीस वर्षं माझं फुलांचं दुकान होतं. फुलवाल्यांचा खरा हंगाम म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेचा सर्व संतांचा सण. त्या दिवशी गावंच्या गावं आपापल्या माणसांच्या कबरींवर शेवंती ठेवायला निघतात. आठवडाभर आधीपासून आमच्या फुटपाथवर चारशे-पाचशे कुंड्या मांडलेल्या असायच्या, मी पहाटे पाचपासून उभी. अख्ख्या नेव्हेरचे मेलेले माझ्या हातची फुलं ल्यायचे, आणि माझी स्वतःची आई तिकडे ल्योंच्या टेकडीवरच्या दफनभूमीत एकटी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आईला मी एकटीच. भाऊ नाही, बहीण नाही. जर्मेन बेसों तिचं नाव. क्रुआ-रूसच्या चढावर एका रेशमाच्या कारखान्यात तिने हयात काढली. ती गेली त्याला पस्तीस वर्षं झाली.

म्हणून मी दर वर्षी सप्टेंबरातच एक कुंडी निवडून गल्ल्यामागे बाजूला ठेवायची. ती विकायची नाही. एक तारखेला भल्या सकाळी रेजिस ती गाडीत घालून ल्योंला न्यायचा, तीन तासांची वाट, आणि रात्रीच्या जेवणाला परत. मी दुकानाची फळी ओढत असायची, पायांचे तुकडे पडलेले, आणि विचारायची, "ठेवलीस?"

"ठेवली."

"आई कशी आहे?"

"मजेत. वर गार वारा आहे."

हे आमचं ठरलेलं बोलणं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. त्यातली बत्तीस वर्षं तरी हेच शब्द, हाच क्रम. मी हसायची. मला बरं वाटायचं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

या वसंतात दुकान विकलं. पाणीखात्यातून रेजिस आधीच निवृत्त झाला होता. यंदाच्या सणाला मी मोकळी, जन्मात पहिल्यांदा. मी म्हटलं, यंदा कुंडी मी नेणार, माझ्या हाताने ठेवणार. कुंडीही विकतची नको. मे महिन्यात बाल्कनीत मी फांदी लावली, शेंडे खुडत खुडत तिला गोल आकार दिला. ऑगस्टभर रोज संध्याकाळी तिच्यावर काळं फडकं टाकायची आणि सकाळी काढायची. रात्र मोठी वाटली की शेवंती कळ्या धरते. आईला आवडायचा तो तांबूस रंग. चोवीस फुलं, एकही वाकडं नाही. इतकी वर्षं हजारो कुंड्या विकल्या, पण अशी माझ्या हातून एकच झाली.

रेजिस म्हणाला, जातोच आहोत तर आठवडाभर जाऊ. आपण दोघांनी शरदात सुट्टी म्हणून कधी घेतलीच नाही. सावकाश फिरू, खाऊ-पिऊ, गाव बघू. मला गहिवरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

शनिवारी ल्योंला पोचलो. रविवारी सकाळी मी कोट चढवून तयार. म्हटलं, आज वर जाऊन कबर घासून-पुसून घेऊ, म्हणजे शुक्रवारी सणाला नुसती कुंडी ठेवायची. लोक करतात तसंच. रेजिस म्हणाला, सुट्टीवर आलोय, घाई कसली? आणि कॉफी मागवली. मग दुसरी मागवली. सोन नदीच्या काठाने तो असा चालला की कबुतरं आम्हाला मागे टाकून पुढे गेली. दर पुलावर थांबायचं, कठड्याला टेकायचं, पाणी बघायचं.

आणि वर मला गाव दाखवायचं. मी त्या गावात जन्मले, तिथल्या पायऱ्यांवर माझे गुडघे फुटले, आणि हा नेव्हेरचा माणूस हातात पुस्तिका धरून मला वाचून दाखवत होता की इथल्या इमारतींच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निघणारे बोळ आहेत. मी म्हटलं, त्यातल्या एका बोळात मी तुझ्याआधी एकाचा मुका घेतला होता, ते आहे का पुस्तकात? तो हसला, पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागला.

सोमवारी तेत दॉर बागेत नेलं. तळ्याकाठची झाडं पिवळीधमक झालेली, पायाखाली पाचोळा, हवा अशी की कुणालाही वाटावं आयुष्यात काही कमी नाही. मलाही वाटलं. बाकावर बसून आम्ही भाजलेली चेस्टनट खाल्ली. त्याने सोलून सोलून माझ्या हातावर ठेवली. उद्या जाऊ या का वर, मी विचारलं. बघू, म्हणाला.

मंगळवारी सकाळी तो पेपर आणायला म्हणून गेला आणि तीन तासांनी परत आला. बुटांना चिखल. चेहरा पांढराफटक. मी विचारलं तर म्हणाला, वाट चुकलो. पेपर आणलेलाच नव्हता. त्याचा कोट मी खुंटीला लावायला घेतला तेव्हा खिशात एक ब्रश लागला. कडक केसांचा, दगड घासायचा, किमतीची चिठ्ठी तशीच. कोरडा ठणठणीत. मी ओळखलं, म्हणजे मला वाटलं मी ओळखलं: हा गुपचूप वर जाऊन कबर घासून ठेवणार आहे, मला शुक्रवारी चकित करायला. तो ब्रश मी परत खिशात सरकवला आणि त्या दिवशी जेवताना त्याच्या ताटात माझ्या वाटणीचा साखरबदामाचा गुलाबी टार्ट वाढला. इतकी मी मूर्ख.

त्यानंतर तर त्याची चाल आणखीच मंद झाली. बुधवारी रेशमाचे माग. गुरुवारी बाहुल्यांचा खेळ. हॉलभर पोरं आणि मधोमध आम्ही दोन म्हातारे. जेवायला बसलो की दोन-दोन तास. चीज आलं, मग फळ आलं, मग कॉफी, मग त्याला बिलासाठी हात वर करायचाही कंटाळा. मी कुंडीला पाणी घालायला अंगणात जायची तेव्हा तो खिडकीतून माझ्याकडे बघत उभा असायचा. मी वर बघितलं की पडदा सरकवायचा.

शुक्रवार उजाडला. मी आठ वाजता कुंडी काखेत घेऊन दारात. कागदात गुंडाळलेली नाही. अशी कुंडी झाकून कशाला न्यायची? रेजिस म्हणाला, वाटेत बाजारातून जाऊ, एक कॉफी घेऊ. मी म्हटलं, कॉफी वरून आल्यावर. तो म्हणाला, आर्लेत, पाचच मिनिटं. इतका दीनवाणा म्हणाला की मी गेले.

नदीकाठचा बाजार भरला होता. लीकच्या जुड्या, ताजे अक्रोड, कोंबड्या. आम्ही चीजवाल्याच्या समोरून चाललो असताना मागून एका बाईने रेजिसला हाक मारली. साठीची, गुबगुबीत, हातात चाकांची पिशवी, त्यात भाजी ठासून भरलेली. तिने रेजिसच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. तिचं नाव जानिन, जुन्या गावात टेकडीच्या पायथ्याशी तिची खाणावळ आहे, हे सगळं तिनेच मला एका दमात सांगितलं. मग तिचं लक्ष माझ्या काखेतल्या कुंडीकडे गेलं आणि तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे मादाम, यंदा तुम्ही स्वतः घेऊन आलात," ती म्हणाली. "माझा नवरा एमिल गेला त्याला आठ वर्षं झाली. आठही वर्षं त्याच्या कबरीवर तुमचीच शेवंती आहे. अहो, शेजारच्या कबरीवाल्या बायका मला विचारतात, कुठून आणतेस? मी सांगते, नेव्हेरची एक बाई आहे, मला ओळखतही नाही, पण दर वर्षी नवऱ्याच्या हाती पाठवते. अशी माणसं आहेत अजून जगात."

मी रेजिसकडे बघितलं. तो चीज बघत होता.

जानिनबाईचं पुढे चालूच होतं. एमिल वरच्या दफनभूमीत नाही, नदीपलीकडच्या नव्या दफनभूमीत आहे. मस्यू रेजिस साडेबाराला यायचे, जेवायचे, दुपारी पत्त्यांचा डाव टाकून चारला निघायचे. पहिल्या वर्षी ती रडत होती म्हणून त्यांनी गाडीतून कुंडी काढून दिली होती. वर गाडी लावायला जागाच मिळाली नव्हती म्हणे. आज दोघांनी जेवायला यायचंच. सॉसेज आणि बटाटे करणार आहे, खिडकीजवळचं टेबल राखून ठेवते, पैशाची गोष्ट काढायची नाही. तिने माझाही मुका घेतला. तिच्या गालाला थंडी आणि पावाचा वास होता. तिला मी काय म्हणणार? तिचा काय दोष?

ती गेली. मी जागची हलले नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे लोक पाहिले होते, पण आपल्या सासूच्या कबरीवरचं फूल उचलून पुण्य मिळवणारा मी पहिलाच पाहिला. मी त्याला एवढंच विचारलं की आठ वर्षं आई मजेत होती का? वर गार वारा होता का? तो म्हणाला, इथे बाजारात नको. मी म्हटलं, मग वर चल.

टेकडीवर चढणाऱ्या छोट्या रेल्वेत सगळ्यांच्या मांड्यांवर कुंड्या. पिवळ्या, पांढऱ्या, जांभळ्या. लोक एकमेकांच्या फुलांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून बसले होते. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती, तरी एक विचार चालूच होता, की शेवाळ किती चढलं असेल, ब्रश त्याच्या खिशात आहे, घासून घेऊ. आठ वर्षांचा मळ तासाभरात निघतो. कबर तर जागेवर आहे. एकदा माझ्या हाताने तिथे फूल ठेवलं की मग याच्याकडे बघेन.

फाटकातून सरळ, तिसऱ्या वळणाला डावीकडे, दोन जुनी झाडं ओलांडली की भिंतीलगत आईची कबर. करडा दगड, त्यावर रेशमाच्या रिळाचं चित्र असलेली चिनीमातीची पट्टी. तिथून समोर क्रुआ-रूसचे चढ दिसतात. म्हणून मी ती जागा घेतली होती. रेजिस मागे मागे राहत होता. मी वळणावरून पुढे गेले.

तिथे काळा चकचकीत दगड होता. त्यावर कुणा परक्याचं नाव, सोनेरी अक्षरांत. एक बाई फडक्याने तो पुसत होती, तिचा मुलगा बादली धरून उभा. मला वाटलं, ओळ चुकले. मागे गेले, झाडं मोजली, परत आले. झाडं तीच. भिंत तीच. समोर क्रुआ-रूस. मी त्या बाईला विचारलं, हे कोण? ती म्हणाली, माझे वडील, गेल्या मार्चमध्ये गेले. आणि माझ्या हातातली कुंडी बघून हळूच म्हणाली, तुमचं कुणी इथे आहे का शेजारी?

मी फाटकाशी परत आले. तिथे राखणदार खुर्ची टाकून बसला होता, वाट चुकलेल्यांना रांगा दाखवायला. त्याने वही काढली, आईचं नाव शोधलं. मग चष्मा काढला. जागा तीस वर्षांसाठी होती. ती मुदत पाच वर्षांपूर्वी संपली. पुढे वाढवून घ्यायला आणखी दोन वर्षं मिळतात, मग हाडं मागच्या कोपऱ्यात हलवून जागा दुसऱ्याला देतात. पत्र पाठवलं होतं, ते क्रुआ-रूसच्या पत्त्यावरून परत आलं. तो आईच्याच घराचा पत्ता. मी तो कधी बदलून दिला नव्हता. सही केली तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, आणि तीस वर्षं म्हणजे मला कायमचं वाटलं होतं.

"पाटी लावली होती, मादाम," राखणदार म्हणाला. "कबरीवरच. तीन वर्षं. संतांच्या सणाला घरचं कुणी ना कुणी येतंच, म्हणून आम्ही पाट्या तेव्हाच लावतो. तुमच्याकडचं कुणी आलं नाही."

तुमच्याकडचं कुणी आलं नाही. माणूस भला होता. त्याने रागाने नाही म्हटलं, नोंद वाचावी तसं म्हटलं. माझ्या मागे रेजिस उभा होता. मी वळून त्याला विचारलं, तुला हे मंगळवारी कळलं ना? तो हो म्हणाला. ब्रश घेऊन आला होता, कबर शोधत फिरला, सापडली नाही, मग याच राखणदाराला विचारलं. आणि मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत मला मागांची खटखट ऐकवत होता, बाहुल्या दाखवत होता. मी त्याला सुट्टी समजत होते. तो वेळ मारून नेत होता.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. त्या दफनभूमीत त्या दिवशी शेकडो माणसं होती आणि मी आवाज चढवला. खोटारडा म्हटलं. चोर म्हटलं. म्हटलं, पाटी वाचायला दोन डोळे लागत होते आणि दहा मिनिटं, तेवढी तुझ्या पत्त्यांच्या डावातून निघाली नाहीत. आईने स्वतःच्या हाताने तुझ्या लग्नाच्या कोटाला अस्तर शिवलं होतं, ते तरी आठवायचं.

मग त्याने मान वर केली.

"मी आठ वर्षं आलो नाही, खरं आहे," तो म्हणाला. "तू सणाला बत्तीस वर्षांत एकदाही आली नाहीस, आर्लेत. पहिली चोवीस वर्षं मी एकटा इथे उभा राहायचो. लोक आपल्या बायकापोरांबरोबर यायचे, मी कुंडीवाला. तू मला कुंडी पोचवायला पाठवायचीस."

चोराच्या उलट्या बोंबा. पण ते खरं होतं. आईच्या कबरीशी मी शेवटची उभी राहिले त्याला अकरा वर्षं झाली होती, जानेवारीतल्या एका दुपारी, वीस मिनिटं, गाडी चालू ठेवून. संतांचा सण झाला की नाताळ, मग प्रेमिकांचा दिवस, मग मातृदिन. मातृदिनालासुद्धा मी दुसऱ्यांच्या आयांची फुलं बांधत होते. माझा राग दोघांवर होता. त्यातला एकच माझ्या समोर उभा होता, एवढंच. आणि तो समोरचा माझ्याशी खोटं बोलला होता, तेही मी पाय दुखत उभी असताना, हसून. न येणं वेगळं आणि मजेत आहे म्हणून सांगणं वेगळं. हा फरक मी त्याला तिथे सांगितला. तो म्हणाला, तुला बरं वाटायचं म्हणून सांगायचो.

मग त्याने घड्याळ बघितलं. मी शपथेवर सांगते, बघितलं. म्हणाला, सव्वाबारा झाले, जानिन टेबल धरून बसली असेल, तू थोडी एकटी राहा आईपाशी, मी खाली जाऊन थांबतो. काहीतरी खाऊन घेऊ, मग शांतपणे बोलू. आणि गेला. आमच्याकडची माणसं जगबुडी आली तरी साडेबाराला ताटावर बसतात. एक्केचाळीस वर्षं मी हा गुण समजत आले होते.

राखणदार मला मागच्या कोपऱ्यात घेऊन गेला. मुदत संपलेल्यांची हाडं एका मोठ्या दगडाखाली एकत्र ठेवतात. दगडावर नावं नाहीत. समोर वाळूत पाच-सहा कुंड्या होत्या, मोठ्या दुकानातल्या, मुळं बाहेर आलेल्या. कुणीतरी अंदाजानेच ठेवलेल्या. मी गुडघ्यावर बसले. चिनीमातीच्या पट्टीचं काय झालं असं मी विचारलं, तर त्याला माहीत नव्हतं. आईला म्हणाले, आले गं. मी रडले, आणि रडतानाही मला राग येत होता.

कुंडी तिथे ठेवायला वाकले आणि हात थांबला. इतकी सबंध कुंडी घेण्याएवढी आईची जागा तिथे नव्हती. चोवीसातलं मधलं, सगळ्यात मोठं फूल मी देठासकट खुडलं आणि दगडाच्या कडेला खोचलं. बाकी तेवीस घेऊन उठले. राखणदाराने मला फाटकापर्यंत सोडलं.

वर येताना डब्यात सगळ्यांच्या मांडीवर कुंड्या होत्या. खाली जाताना फक्त माझ्या. समोरच्या बाकावरच्या बाईने आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं. शेवंती वर जाते, खाली येत नाही. माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली.

जानिनबाईची खाणावळ खच्चून भरली होती. वरून आलेली कुटुंबं, काळे कोट खुर्च्यांवर टाकलेले, काचांवर वाफ. रेजिस खिडकीजवळ बसला होता, रुमाल गळ्यात खोचलेला. सॉसेज निम्मं संपलं होतं. मला बघून तो अर्धा उठला आणि म्हणाला की बस, अजून गरम आहे. मी पावाची टोपली बाजूला केली, त्याचा ग्लास बाजूला केला, आणि कुंडी त्याच्या ताटासमोर ठेवली. नीट, फुलं त्याच्या बाजूला वळवून, मी गिऱ्हाइकाला द्यायची तशी.

आधी शेजारचं टेबल गप्प झालं, मग त्याच्या मागचं. एका म्हातारीने छातीवर क्रूस काढला. जानिनबाई दोन ताटं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

"आर्लेत, हे काय करतेस," रेजिस खालच्या आवाजात म्हणाला. "उचल. लोक बघतायत."

"आठ वर्षं इथेच तर येतेय ती," मी म्हणाले. "यंदा मी आणली, एवढाच फरक. आईला तिच्या वाटणीचं एक फूल दिलंय. ही तुझी."

त्याचा चेहरा मंगळवारसारखा झाला. त्याने कुंडीला हात लावला नाही. जिवंत माणूस आपल्या ताटासमोरच्या शेवंतीला हात लावत नाही. तो तिच्याकडे नुसता बघत राहिला, तेवीस फुलं, एकही वाकडं नाही.

मी कोटाची बटणं लावली. "नेव्हेरला कुणी तुझी चौकशी केली तर सांगेन," मी म्हणाले. "ठेवली. मजेत आहे. गार वारा आहे."

जानिनबाईच्या खांद्याला हात लावून मी बाहेर पडले. गल्लीत माणसं हिंडत होती, कुणाच्या हातात गुलाबी टार्ट, कुणाच्या हातात नकाशा. माझे दोन्ही हात मोकळे होते. मी हॉटेलात जाऊन माझी बॅग घेतली आणि तीनच्या गाडीने घरी आले.